फांशीचीं कारणें

एखाद्या अमानुष खुनाची वार्ता वाचली, कीं "अशाला फांशीच हवी" हा उद्गार घराघरांतून निघतो. मलाही तो परका नाहीं. परंतु न्यायाधीशाला उद्गार काढून भागत नाहीं. त्याला कारणें लिहावीं लागतात. कोणत्या शिक्षेचीं कारणें, हाच येथें खरा प्रश्न आहे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणें, खुन्याला फांशीऐवजीं सौम्य शिक्षा दिली तर तिचें कारण नमूद करावें लागे. म्हणजे जीव घेण्यास नव्हे, जीव राखण्यास कारण हवें! १९५५ च्या दुरुस्तीनें ही अट गेली. १९७३ च्या संहितेनें तर उलट फांशीसाठीं विशेष कारणें मागितलीं. २०२३ च्या संहितेंतही तें कायम आहे. १९८० सालीं बच्चनसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें फांशी घटनाबाह्य ठरविली नाहीं, पण ती विरळांतल्या विरळ प्रसंगींच द्यावी, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा, असें सांगितलें.

विरळ कोणतें, हें मात्र माणसेंच ठरवितात. उत्तर प्रदेशांतील एका हत्याकांडांत तिघांना फांशीची शिक्षा झाली. तिघांचा वांटा सारखाच. सर्वोच्च न्यायालयांत त्यांचीं प्रकरणें वेगवेगळीं चाललीं. एकाची शिक्षा १९७७ सालीं जन्मठेपेवर आली. दुसरा ६ ऑक्टोबर १९८१ रोजीं फांशी गेला. तिसऱ्याच्या अर्जाच्या वेळीं ही विसंगति न्यायालयाच्या ध्यानांत आली, व १९८२ सालीं त्यानें राष्ट्रपतींकडे तिसऱ्यासाठीं दयेची शिफारस केली. दुसऱ्यासाठीं करण्याजोगें कांहीं उरलें नव्हतें.