टोळी उतरते तेव्हा

दिवाळी सरली की आपल्या कारखाना भागात ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं येतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडची. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, एखादी शेळी आणि वर बसलेली लेकरं. गावाबाहेरच्या पडीक रानात कोप्या उभ्या राहतात आणि आपण म्हणतो, "टोळी उतरली." पुढचे पाच-सहा महिने ही माणसं आपल्या शिवेला राहतात, तरी शेजारी म्हणून आपण त्यांना धरत नाही.

आमच्या गटातल्या एकीच्या विहिरीवर टोळीतली एक बाई दोन महिने पाणी भरत होती. तिचं नाव काय, असं बैठकीत निघालं, तर कुणालाच सांगता येईना. सगळ्या तिला 'टोळीवाली' म्हणत होत्या. मीसुद्धा.

तिचा दिवस कसा जातो ते आधी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते आणि ती दोघांच्या कामातून फेडायची असते. एक दिवस काम चुकलं तर तो खाडा, त्याचे पैसे अंगावर पडतात. पहाटे अंधारात उठून भाकरी करायची, उजाडायच्या आत फड गाठायचा, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आता लेकराला ताप आला तर घरी कोण थांबणार? नवरा थांबला तरी खाडा, बायको थांबली तरी खाडा. सासू असती तर तिने बघितलं असतं, पण ती तिकडे गावी, शाळेत जाणाऱ्या थोरल्या नातवंडांना सांभाळत बसलेली.

म्हणून टोळी हेच तिचं घर. टोळीत बहुतेक भावकीतली, सोयऱ्यातली नाहीतर एकाच गावची माणसं असतात. एकीला कळा लागल्या तर बाकीच्या धावतात. एखादी नऊ-दहा वर्षांची पोर कोपीजवळ सगळ्यांची तान्ही सांभाळते. (तिची शाळा बुडते, ते दुखणं वेगळंच आहे.) हाताला हात द्यायला टोळी पुरेशी असते. पण आशाताई कुठे राहते, उपकेंद्रात नर्सबाई कोणत्या वारी येतात, रेशन दुकान कधी उघडतं, हे टोळीतल्या कुणालाच ठाऊक नसतं. इथे सख्खी बहीण सोबत असली तरी तीही तितकीच परकी. ही माहिती फक्त शेजारणीकडे असते, म्हणजे आपल्याकडे.

तर काय सांगायचं? अन्नसुरक्षा योजनेतलं रेशनकार्ड आता देशात कुठल्याही रेशन दुकानावर चालतं. अंगठा उमटवून काही धान्य इथे आणि उरलेलं गावी राहिलेल्या माणसांनी तिथे, असंही घेता येतं. अंगणवाडीचा आहार आणि बाळाची लस इथेही मिळते. लसीचं कार्ड मात्र सोबत हवं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत वर्षाच्या मध्येही घ्यावंच लागतं, दाखला यायला उशीर झाला म्हणून परत पाठवता येत नाही. अडल्या वेळी 108 ला फोन केला की गाडी येते. पण फोनवर जागा कुठली सांगणार? कोपीला घर नंबर नसतो. "अमक्यांच्या विहिरीपाशी, तमक्यांच्या वस्तीशेजारी" हा पत्ता तिला आपणच शिकवायला हवा.

ओळख कशी काढायची, असं एकीने विचारलं. ओळख आहेच की! जनावरांसाठी वाढं आपण त्यांच्याकडूनच आणतो. पेंढीच्या भावावरून घासाघीस करतो, तेव्हा दहा मिनिटं बोलतोच. त्यातच विचारावं, लेकरं किती, लसी झाल्या का, कुणी गरोदर आहे का. आणि खरं सांगू, त्या गरीब बाईशी दोन-पाच रुपयांसाठी आपण जेवढं भांडतो, तेवढं दुकानदाराशी भांडत नाही.

हा अंक तिकडे बीडकडच्या गटांमध्येही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठीही थोडं. ऊसतोडीहून परतलेली बाई आपल्याच गावात थोडी पाहुणी होते. सहा महिन्यांतली लग्नं, मयती, ग्रामसभा तिच्यावाचून झालेल्या असतात. गटाच्या बैठकीला गैरहजर म्हणून तिचं नाव कमी केलेलं असतं. जाताना तिची बचत कशी भरायची ते ठरवा, फोनवर बैठकीची खबर द्या. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून एकदा डोकवा आणि फडावर फोन लावून कळवा. गावात हंगामी वसतिगृह असेल तर तिची मुलं निघण्याआधीच तिथे नोंदवायला लावा. ट्रक निघायच्या दिवशी ते सुचत नाही.

आमच्याकडे या वर्षी गटाने पाळी लावली. टोळी उतरली की दुसऱ्या दिवशी दोघींनी अंगणवाडीताईंना घेऊन कोप्यांवर जायचं. पहिल्या फेरीला गेलो तर बाया दचकल्या, जागा सोडायला सांगायला आलोत असं त्यांना वाटलं. विहिरीवरची बाईही त्यांच्यात होती. मी तिला नाव विचारलं. तिने ते सांगितलं, माझंही विचारलं, आणि चुलीवर चहा ठेवला.