दादींची पुडी आणि रमजानचे रोजे

रमजानचा चाँद दिसला त्या संध्याकाळी दादींनी पुड्यांची डबी कपाटात ठेवून दिली. "या महिन्यात फक्त अल्लाहचा भरवसा. औषधाचं ईदनंतर बघू," त्या म्हणाल्या. आम्हा सर्वांना त्यांचे कौतुक वाटले. पिंपळगाव राजाचा एप्रिलमधला उन्हाळा, वय पासष्टच्या पुढे, गुडघे आणि मनगटे दुखरी. तरीही एकही रोजा सोडायचा नाही, हा त्यांचा निर्धार होता.

पाचव्या रोज्याला दुपारी त्यांना उलट्या सुरू झाल्या. अस्रच्या नमाजसाठी वजू करायला उठल्या आणि तिथेच कोसळल्या. आम्हाला वाटले, ऊन लागले. मीठ-साखरेचे पाणी पाजून पाहिले, तेही पोटात ठरेना. मग गाडी करून त्यांना खामगावला नेले. रक्तदाब फारच खाली गेला होता, रक्तातील साखरही उतरली होती. डॉक्टरांनी दादींचा गोल, भरलेला चेहरा पाहिला, हातावरची कागदासारखी पातळ कातडी आणि निळे डाग पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "कोणतं औषध अचानक बंद केलंत?"

तेव्हा आम्हाला डबी आठवली. परगावाहून येणाऱ्या एका औषधवाल्याकडून दोन वर्षे त्या पुड्या येत होत्या. कागदावर ना नाव, ना कंपनी. "जडीबुटी आहे, नुकसान काहीच नाही," एवढेच त्याने सांगितले होते. पहिल्या दोन-तीन दिवसांतच दादी चालू लागल्या होत्या, म्हणून आम्ही पुढे काही विचारले नाही. डॉक्टरांनी तपासणीसाठी रक्त काढून घेतले आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे 100 मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले, सलाइन लावले. इशाच्या सुमारास दादींनी डोळे उघडले. पहिला प्रश्न होता, "माझा रोजा?"

अल्हम्दुलिल्लाह, दादी वाचल्या. पण ज्या गोष्टीचे आम्ही कौतुक करत होतो, तीच त्यांच्या जिवावर बेतली होती. असे इतर घरांत घडू नये म्हणून हा लेख.

दोन लहान ग्रंथी

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क किंवा ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. एका ग्रंथीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या आतल्या गाभ्यातून ॲड्रिनलिन निघते, जे अचानक भीती वाटली की छाती धडधडायला लावते. बाहेरच्या सालीतून दुसरी संप्रेरके निघतात. त्यांपैकी अल्डोस्टेरॉन शरीरातील मीठ-पाण्याचा हिशोब ठेवते. कॉर्टिसॉल रक्तातील साखर आणि रक्तदाब सांभाळते, सूज आवरते आणि ताप, जखम, उपास अशा ताणात शरीराला उभे ठेवते.

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार होते. त्याचे प्रमाण पहाटेपासून वाढत जाऊन सकाळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते. आजारपणात मात्र निरोगी ग्रंथी आपणहून कित्येक पट जास्त कॉर्टिसॉल सोडते.

या ग्रंथी निकामी झाल्या तर काय होते, हे लंडनचे डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये लिहून ठेवले. अशक्तपणा, वजन घटणे, उलट्या, कातडी काळवंडणे ही त्याची लक्षणे. त्या आजाराला आजही ॲडिसनचा आजार म्हणतात. त्या काळी त्याचे एक मोठे कारण क्षयरोग होते, आणि आपल्या देशात क्षयरोग अजून संपलेला नाही.

औषध आले आणि चमत्कार वाटला

21 सप्टेंबर 1948 रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. डॉ. फिलिप हेंच, रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइखस्टाइन यांना या संशोधनासाठी 1950 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण औषध जास्त काळ दिले की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, हेही लवकरच दिसू लागले.

त्यानंतर प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन अशी अधिक जोरदार औषधे आली. 20 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे काम 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन करते आणि तेच काम डेक्सामेथासोन पाऊण मिलिग्रॅममध्ये करते. म्हणून "गोळी तर एवढीशीच आहे" हा हिशोब इथे चालत नाही.

ही औषधे पेशीच्या आत शिरतात आणि सूज निर्माण करणाऱ्या द्रव्यांची निर्मिती बंद पाडतात. दमा, संधिवाताचे काही प्रकार, गंभीर ॲलर्जी, कुष्ठरोगात नसांना येणारी सूज, अशा कितीतरी आजारांत ती रुग्णाला वाचवतात. दिवस पूर्ण होण्याआधीच कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईलाही डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात. तेव्हा स्टेरॉइड म्हणजे विष, असे कुणी समजू नये. कसरत करणारी काही मुले शरीर फुगवण्यासाठी जी स्टेरॉइड घेतात, ती वेगळी आणि घातक आहेत.

ग्रंथी झोपी जाते

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रक्तातील कॉर्टिसॉलवर नजर ठेवते. ते कमी झाले की ती ॲड्रिनलला हुकूम पाठवते. पुरेसे असले की गप्प बसते. बाहेरून रोज स्टेरॉइड येऊ लागले की तिला वाटते, घरात भरपूर आहे. हुकूम थांबतो. हुकूम नाही म्हणून ॲड्रिनल काम सोडते आणि हळूहळू सुकते. साधारण तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ औषध घेतले की ही शक्यता धरूनच चालावे लागते.

अशा वेळी औषध एकदम बंद केले तर बाहेरचा पुरवठा तुटतो आणि घरचा कारखानाही बंदच असतो. वर उन्हाळा, तहान, उपास. दादींच्या शरीरात नेमके हेच झाले. नंतर आलेल्या अहवालात त्यांचे स्वतःचे कॉर्टिसॉल नावालाच उरले होते. त्या पुडीत काय होते, याला एवढा पुरावा आम्हाला पुरेसा होता.

2021 ने दिलेला धडा

जून 2020 मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीने दाखवले की कोरोनाच्या ज्या रुग्णांना ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागतो, त्यांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी होतात. मात्रा होती रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना फायदा दिसला नाही.

2021 मध्ये रमजान 14 एप्रिलला सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रात दुसरी लाट जोरात होती. खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता. भीतीपोटी अनेकांनी घरीच, गरज नसताना, चिठ्ठी एकमेकांना पाठवून स्टेरॉइड घेतले. मधुमेहींची साखर भडकली, प्रतिकारशक्ती खचली. त्यापाठोपाठ काळ्या बुरशीचा आजार, म्हणजे म्युकरमायकोसिस आला. त्याचे सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत आपले राज्य होते. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा काढावा लागला. जे औषध एका खाटेवर जीव वाचवत होते, तेच दुसऱ्या घरात चुकीच्या हाती पडून घात करत होते.

मलमांचेही तसेच आहे. गजकर्ण, खाज, चेहऱ्यावरचे डाग किंवा "गोरेपणा" यासाठी दुकानातून आणलेल्या अनेक मलमांत जोरदार स्टेरॉइड असते. खाज लगेच थांबते, पण बुरशी आत पसरत जाते आणि चेहऱ्याची कातडी पातळ, लाल होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. लग्नाआधी मुलींच्या चेहऱ्याला असे मलम लावणाऱ्या आयांनी हे लक्षात घ्यावे.

रमजानपूर्वी काय करावे

पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये (आयत 184-185) आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. ही सवलत अल्लाहनेच दिली आहे. ती घेण्यात ईमानचा कमकुवतपणा नाही.

- स्टेरॉइड सुरू असेल तर रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. एकच मात्रा असेल तर ती सहरीला जेवणासोबत घेता येईल का, ते विचारा.
- दम्याचा रोजचा पंप बंद करू नका. दोन वेळचा पंप बहुधा सहरी-इफ्तारच्या वेळेत बसवता येतो. दिवसा दम लागला तर आधी जीव वाचवा. रोज्याचा मसला आलिमांना नंतर विचारा.
- ज्यांची ॲड्रिनल ग्रंथीच निकामी आहे, त्यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय रोजा धरू नये.
- ताप आला, अपघात झाला किंवा ऑपरेशन ठरले तर "मी स्टेरॉइड घेतो" हे आधी सांगा. अशा वेळी मात्रा वाढवावी लागते. तसा कागद खिशात ठेवा.
- उलट्या, चक्कर, पोटदुखी, गळून जाणे अशी लक्षणे दिसली तर रोजा सोडा आणि लगेच दवाखाना गाठा.
- नाव नसलेली पुडी घरात आणू नका. आधीच घेत असाल तर ती मनाने बंद न करता पुडीसह डॉक्टरांकडे जा.

दादींना पुढे चिठ्ठीवरचे प्रेडनिसोलोन दिले आणि मात्रा थोडी थोडी करत दहा महिन्यांनी थांबवली. पुढच्या रमजानमध्ये त्यांनी रोजे धरले नाहीत. ओट्यावर बसून सर्वांच्या इफ्तारची फळे कापली. मग तपासणीत ग्रंथी जागी झाल्याचे दिसले आणि डॉक्टरांनी होकार दिला. डिसेंबरातले दिवस लहान, हवा थंड. दादी रोज सहरीला उठू लागल्या आणि राहिलेल्या रोज्यांची कजा एकेक करून फेडू लागल्या. ती रिकामी डबी आता आमच्याकडे लवंगांसाठी आहे.