राजीनामा देण्यापूर्वी ओल बघा



धायरी २०१७ साली पुणे महापालिकेत गेली. तिथल्या लहान कारखान्यांत आपल्या गावांची पोरे राबतात. सुटीला आलेला मुलगा म्हणतो, "आबा, नको ती नोकरी, सोडतो." त्याच्यावर रागावू नका, लगेच होही म्हणू नका. पहिल्या सरीवर पेरणी करत नाही आपण, ओल किती खोल गेली ते उकरून बघतो. इथेही तसेच करा.

विटला तो कामाला की साहेबाला? साहेब बदलतो. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सलग पाच वर्षे भरली, तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी मिळते. चार महिने उरले असतील तर थांबावे. फंडाची दहा वर्षे भरली, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा हक्क राहतो.

घरात सहा महिन्यांची बेगमी आहे? कर्जाचा हप्ता कोण भरणार? २०२० च्या टाळेबंदीत कामे थांबली, पोरे गावी परतली. कणगीत दाणे होते त्या घरांना धीर होता.

मीही एकदा राजीनामा लिहून महिनाभर खिशात बाळगला होता. महिन्याने तो फाडला, बदली मागितली.

मात्र जिवाला धोका असेल किंवा पगार थकत असेल, तर मुलाला घरी बोलवा. राजीनामा लेखी द्यावा, पोच घ्यावी. एरवी नवे उगवल्याशिवाय उभे पीक मोडू नये.