चार मासिकांचे आठ वीर

अमेरिकेत 1940 च्या उन्हाळ्यात ‘ऑल स्टार कॉमिक्स’ या नावाचे दहा सेंट किमतीचे चित्रकथांचे नियतकालिक सुरू झाले, तेव्हा त्यामागे युद्धाचा विचार नव्हता आणि सुपरहिरोंचा संघ ही कल्पनाही नव्हती. दोन भगिनी-कंपन्यांच्या मासिकांतून लोकप्रिय होऊ लागलेल्या नायकांची ओळख नव्या वाचकांना एकाच अंकात करून द्यावी, एवढाच साधा व्यापारी हेतू होता. अशा अंकाला संकलन-कॉमिक म्हणता येईल, कारण त्यात अनेक नायकांच्या स्वतंत्र चित्रकथा दिवाळी अंकातील कथांसारख्या एकामागून एक छापलेल्या असत. मुंबईहून 1964 पासून निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’वर वाढलेल्या मराठी वाचकाला एका अंकात सहसा वेताळ किंवा मँड्रेक असा एकच नायक भेटत असे, त्या काळच्या अमेरिकी मुलांना मात्र चौसष्ट पानांत सात-आठ नायक मिळण्याची सवय होती, आणि हे सारे नायक एकमेकांच्या अस्तित्वापासून पूर्णपणे अनभिज्ञ असत.

हे अनभिज्ञपण तिसऱ्या अंकात, म्हणजे 1940-41 च्या हिवाळ्यात, संपले. ऑल-अमेरिकन पब्लिकेशन्सचे प्रकाशक एम. सी. गेन्स, त्यांचे तेवीस वर्षांचे संपादक शेल्डन मेयर आणि लेखक गार्डनर फॉक्स यांनी आठ नायकांना एका मेजाभोवती जेवायला बसवले, त्या मंडळाला ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’ असे नाव दिले आणि प्रत्येकाला आपापला पराक्रम सांगायला लावले. जगातील पहिला सुपरहिरो-संघ म्हणून या अंकाचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. तथापि त्या पंगतीची बैठक पाहिली असता तिच्यातील हिशेब लगेच ध्यानात येतो. फ्लॅश आणि हॉकमॅन हे ‘फ्लॅश कॉमिक्स’चे, ग्रीन लँटर्न आणि अ‍ॅटम हे ‘ऑल-अमेरिकन कॉमिक्स’चे, स्पेक्टर आणि डॉक्टर फेट हे ‘मोअर फन’चे, तर सँडमॅन आणि अवरमॅन हे ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’चे, म्हणजे चार मासिकांतून प्रत्येकी दोन असे हे आठ जण होते. पहिली दोन मासिके गेन्स यांची, उरलेली दोन सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या भागीदार कंपनीची; त्यामुळे प्रत्येक घराण्याचे चार-चार पाहुणे काटेकोरपणे मोजून बोलावलेले होते. निमंत्रण नसताना आत शिरणारा जॉनी थंडर हा भाबडा तरुण तेवढा या समतोलाला अपवाद होता.

त्याच अंकाच्या अखेरीस मंडळाला वॉशिंग्टनहून बोलावणे येते, आणि चौथ्या अंकात, पर्ल हार्बरवरील हल्ल्याला अजून बरेच महिने अवकाश असताना, हे नायक अमेरिकेतील कारखान्यांत घातपात करणाऱ्या हेरांच्या मागे लागतात. येथपासून नियतकालिकाची घडण निश्चित झाली, आणि ही घडणच या साऱ्या उद्योगातील सर्वांत लक्षणीय वस्तू आहे. आरंभीची काही पाने सभेची असत; तेथे संकट मांडले जाई आणि कामाची वाटणी होई. त्यानंतर प्रत्येक नायक आपल्या स्वतंत्र प्रकरणात एकटाच निघून जाई, आणि शेवटच्या पानांत सर्व पुन्हा एकत्र येऊन शत्रूचा निकाल लावत. संस्कृत कथापरंपरेत ज्याला चौकटकथा म्हणता येते, म्हणजे ‘वेताळ पंचविशी’त राजा विक्रम आणि वेताळ यांची कथा जशी बाकीच्या कथांना कवेत घेते, तशीच ही रचना होती. संघाच्या या कथांत संघ म्हणून लढणे फार थोडे होते.

या घडणीचे कारण चित्रकारांच्या मेजावर शोधावे लागते. प्रत्येक नायकाचे प्रकरण शक्यतो त्याचाच नेहमीचा चित्रकार काढत असे: हॉकमॅन शेल्डन मोल्डॉफ यांच्याकडे, स्पेक्टर बर्नार्ड बेली यांच्याकडे, डॉक्टर फेट हॉवर्ड शर्मन यांच्याकडे, आणि काही अंकांत सँडमॅन जो सायमन व जॅक कर्बी या जोडीकडे होता. एकाच कथेतील पाच-सहा प्रकरणे पाच-सहा मेजांवर एकाच वेळी तयार होऊ शकत, आणि एखादे प्रकरण बदलावे लागले तर बाकीच्यांना हात लावावा लागत नसे. त्यामुळे वाचकाला दर काही पानांनी रेषा, छाया आणि चेहऱ्यांची धाटणी बदललेली दिसे, आणि चौकटीतील सभेत हेच नायक एव्हरेट हिबर्ड किंवा पुढे जो गॅलॅघर यांच्या हातून वेगळेच भासत. आजच्या नजरेला ही विसंगती खटकते. परंतु असे जोडकाम सहज उसवले असते, आणि ते सलग ठेवण्याचे श्रेय निःसंशय गार्डनर फॉक्स यांचे आहे.

1911 मध्ये ब्रुकलिन येथे जन्मलेले फॉक्स शिक्षणाने वकील होते. मंदीच्या काळात वकिली सोडून ते लेखनाकडे वळले आणि 1947 पर्यंत मंडळाच्या कथा प्रामुख्याने त्यांनीच लिहिल्या. प्रत्येक अंकासाठी त्यांना असे संकट शोधावे लागे, की ज्याचे सहा-सात जवळजवळ समान वाटे पडतील, प्रत्येक वाटा एका नायकाच्या सामर्थ्याला शोभेल आणि तो वाटा गाळला तर कथेत भोक पडेल. सातव्या अंकात त्यांनी युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी दहा लाख डॉलर उभे करण्याचे काम वाटून दिले, दहाव्यात बॉम्बपासून बचावाचे सूत्र आणण्यासाठी नायकांना भविष्यकाळात पाठवले, आणि चौदाव्यात नाझींनी व्यापलेल्या युरोपीय देशांतील उपाशी लोकांपर्यंत अन्न पोहोचवण्याची मोहीम रचली. या तिसऱ्या कल्पनेत शत्रूला ठोसे मारण्याऐवजी माणसे जगवण्याला वीरकृत्याचे स्थान दिले आहे, आणि युद्धकाळातील मुलांच्या वाचनात असे स्थान क्वचितच दिले गेले असल्याने फॉक्स यांच्याविषयीचा आदर येथे वाढतो.

यापेक्षा अवघड प्रश्न असा होता की, इतके सामर्थ्यवान नायक हाताशी असताना युद्ध एका आठवड्यात का संपत नाही? स्पेक्टर तर मृत पोलीस अधिकाऱ्याचा जवळजवळ सर्वशक्तिमान आत्मा होता. वृत्तपत्रांतील चित्रमालिकेत सुपरमॅनला नेत्रतपासणीत नापास करून सैन्याबाहेर ठेवण्यात आले, कारण त्याची भेदक दृष्टी शेजारच्या खोलीतील तक्ता वाचून बसली. ‘ऑल स्टार’ने 1942 च्या अकराव्या अंकात उलट मार्ग घेतला: नायक सामान्य नागरिक म्हणून सैन्यात दाखल होतात आणि मंडळाचे ‘जस्टिस बटालियन’ बनते. चौकटीची घडण येथे उपयोगी पडली, कारण प्रत्येकाच्या वाट्याला युद्धाचा एक छोटा तुकडाच येई, आणि तो जिंकल्याने खरे युद्ध जिंकल्याचा खोटा दावा करावा लागत नसे.

याच काळात मंडळाच्या दारात वंडर वुमन उभी राहिली. मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी निर्माण केलेली ही नायिका प्रथम अवतरली ती ‘ऑल स्टार’च्याच आठव्या अंकातील एका जोडकथेत. तिला सभासद करावे का, हे गेन्स यांनी 1942 मध्ये छापील प्रश्नावलीद्वारे मुलांनाच विचारले, आणि परत आलेल्या पहिल्या 1,801 उत्तरांपैकी 1,265 मुलगे व 333 मुली यांनी होकार दिला, तर 197 मुलगे व 6 मुली यांनी नकार दिला. इतका स्पष्ट कौल मिळूनही तिला जे पद मिळाले ते चिटणीसाचे. पुरुष नायक मोहिमेवर निघत आणि ती बहुतेक अंकांत सभेचे इतिवृत्त सांभाळत मागे राहत असे. तेराव्या अंकात तिला स्वतःचे प्रकरण मिळाले, तेव्हा फॉक्स यांनी लिहिलेला मजकूर मार्स्टन यांना पसंत पडला नाही आणि त्यांनी तो स्वतः नव्याने लिहिला. स्वतःच्या मासिकात एकटीने लढणारी नायिका मंडळात येताच लेखणी घेऊन बसते, ही गोष्ट त्या काळाची रीत म्हणून सोडून देणे कठीण आहे, कारण मुलांनी तर दुसरेच उत्तर दिले होते.

याहून गंभीर दोष चित्रांत आहे. अकराव्या आणि बाराव्या अंकांत जपानी माणसे पिवळ्या कातडीची, विक्राळ आणि एकाच ठशाची रेखाटली आहेत, आणि हे अंक विकले जात होते त्याच महिन्यांत जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना, ज्यांतील बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते, घरे सोडून छावण्यांत जावे लागत होते. त्यानंतर एका वर्षाच्या आत सोळाव्या अंकात हेच मंडळ, नाझी हस्तक अमेरिकनांमध्ये वंश व धर्म यांवरून फूट पाडत आहेत असे सांगून मुलांना एकोप्याचा धडा देते. गेन्स, मेयर, मोल्डॉफ, तसेच पुढे हॉकमॅन रेखाटणारे पोलंडमध्ये जन्मलेले जो क्युबर्ट, असे अनेक जण ज्यू कुटुंबांतील होते, आणि नाझींविरुद्धचा त्यांचा संताप पूर्णपणे खरा होता. परंतु तो धडा त्यांच्याच छावणीबद्ध शेजाऱ्यांपर्यंत पोहोचला नाही, ही वेदना त्या अंकांची पाने उलटताना टळत नाही.

युद्ध जसजसे लांबले, तसतशी छपाईच अवघड होत गेली. सरकारने कागदावर नियंत्रण आणले, आतील चौसष्ट पाने टप्प्याटप्प्याने अठ्ठेचाळीसवर आली आणि 1943 च्या उत्तरार्धात द्वैमासिक त्रैमासिक झाले; पाने घटली की एखाद्या नायकाचे प्रकरण आखडे किंवा त्याची खुर्चीच जाई. मोल्डॉफ लष्करात भरती झाले. त्यातच 1944 च्या सुमारास गेन्स आणि भागीदार कंपनी यांचे बिनसले, आणि पहिल्या पंगतीचा काटेकोर हिशेब आता उलटा फिरला: डॉक्टर फेट आणि सँडमॅन एकविसाव्या अंकानंतर, तर स्पेक्टर आणि मध्यंतरी मंडळात आलेला स्टारमॅन तेविसाव्यानंतर नाहीसे झाले, कारण ते दुसऱ्या घरचे होते. स्वतंत्र मासिक मिळालेल्या नायकाने सन्माननीय सभासद होऊन मंडळ सोडावे, असा नियम होता. त्या नियमाने पूर्वी गेलेले फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न 1945 च्या चोविसाव्या अंकात रिकाम्या जागा भरण्यासाठी परत आले. सभेत याचा खुलासा नीटसा झाला नाही, आणि वाचणाऱ्या मुलांना आपले वीर कोठे गेले हे कळण्याचा मार्ग नव्हता.

मुले ज्या उत्साहाने हे अंक वाचत, त्याच उत्साहाने युद्धासाठी रद्दी गोळा करत, आणि त्या रद्दीत हे अंकही जात. म्हणून युद्धकाळातील प्रती आज दुर्मीळ आहेत. मंडळाच्या कथा 1951 मध्ये सत्तावन्नाव्या अंकाने संपल्या आणि पुढच्या अंकापासून तेथे काउबॉय आले. जेरी बेल्स या चाहत्याने अनेक वर्षांनी पत्रव्यवहार करून खुद्द फॉक्स यांच्या संग्रहातील अंक मिळवले, आणि 1961 मध्ये या नायकांच्या पुनरागमनाचा आग्रह धरणारे ‘ऑल्टर इगो’ हे हौशी नियतकालिक काढले. मूळ चित्रांचे नशीब याहून वाईट होते. युद्धाच्या अखेरच्या काळात फॉक्स यांनी लिहिलेली, विल्यम विल्सन नावाच्या माणसाच्या मृत्युपत्राभोवती गुंफलेली मंडळाची एक संपूर्ण कथा रेखाटून तयार होती, पण ती कधीच छापली गेली नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने जुनी चित्रे निकालात काढताना तिच्या पानांचे आडवे तीन-तीन तुकडे करण्यात आले, आणि त्यांतील काही पट्ट्या पुढे स्वतः लेखक झालेल्या मार्व्ह वुल्फमन या तरुणाने वाचवल्या. कॉमिक्स-लेखक रॉय थॉमस यांनी नंतर संग्राहकांकडे विखुरलेल्या पट्ट्या शोधून, कोणती रांग कोणत्या पानाची हे रेषांवरून ताडून, ती कथा पुष्कळशी जुळवून छापली. काही रांगांच्या जागा त्यात अजूनही रिकाम्या आहेत.