भाची एम्सला गेली

भाची एम्सला जाणार हे कळल्यावर आमच्या वस्तीतली माणसे पेढे मागायला आली. भाची सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, त्यामुळे सर्वांची समजूत अशी झाली की पोरीची दिल्लीच्या मोठ्या दवाखान्यात निवड झाली. आम्हाला प्रत्येकाला समजावून सांगावे लागले की हे एम्स दिल्लीचे नव्हे. हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले गाव. आमचे भाचेजावई राहुरीला एम.एस्सी. अ‍ॅग्री झालेले, त्यांना तिथल्या विद्यापीठात मातीच्या विषयात पीएच.डी.साठी जागा मिळाली आहे. आणि भाची तिथे नोकरीला चाललेली नाही, नोकरी ठेवून चालली आहे. हे शेवटचे वाक्य ऐकले की समोरच्याचा चेहरा उतरायचा. खरे सांगायचे तर आमचाही उतरला होता.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात अशी एखादीच कायम नोकरी असेल त्यांना हे जास्त सांगायला नको. आमचे वडील गिरणीत बदली कामगार. १९८२ च्या संपात तेही गेले. बहिणीने शिवणाच्या मशीनवर मुलीला शिकवले. भाचीला नेमणुकीचा कागद मिळाला त्या दिवशी बहीण तो कागद घेऊन वस्तीतल्या अकरा घरी गेली होती. घराच्या कर्जाचा हप्ता, आईचे रक्तदाबाचे औषध, धाकट्या भावाची फी, हे सारे त्या एका पगारावर. असा पगार थांबवून नवऱ्यामागे परदेशात जायचे? आम्ही तिला सरळ विचारले, "जावई जाऊ देत पुढे. तू दोन वर्षांनी जा. काय बिघडते?"

ती म्हणाली, "मामा, पोरगा सात वर्षांचा आहे. पाच वर्षांनी तो बारा वर्षांचा होईल. मधली वर्षं कोण परत देणार?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग कारकुनाला जे येते ते आम्ही केले, नियमांचे पुस्तक काढले. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये असाधारण रजा नावाची सोय आहे. तिचा पगार मिळत नाही, साधारणपणे वेतनवाढही पुढे जाते, पण नोकरीशी नाते राहते. सलग पाच वर्षांहून जास्त रजा सहसा देता येत नाही. आणि रजा हा हक्क नाही, मंजूर करणे न करणे साहेबाच्या हाती. आपल्या पुष्कळ बायाबापड्यांना हा नियम ठाऊक नसतो आणि त्या सरळ राजीनामा देऊन मोकळ्या होतात. राजीनामा एका दिवसात मंजूर होतो, हेही लक्षात ठेवावे. रजेची फाईल मात्र एका टेबलावर चार महिने पडून होती. आम्ही सात वेळा जाऊन आलो. शेवटी दोन वर्षांची मंजुरी मिळाली, परदेशी जाण्याच्या ना हरकत पत्रासह.

दुसरा कागद त्याहून कठीण. नवरा विद्यार्थी म्हणून एफ-१ व्हिसावर जातो, बायको आणि मुले एफ-२ वर. एफ-२ वर असलेल्या बाईला तिथे नोकरी करता येत नाही. दुकानात नाही, घरोघरी नाही, कुठेच नाही. मूल शाळेत जाऊ शकते. बाईला २०१५ पासून अर्धवेळ शिकता येते, पूर्णवेळ पदवी घ्यायची तर स्वतःचा विद्यार्थी व्हिसा लागतो. विद्यापीठ प्रवेशाचा कागद देते तेव्हा बायकोचा आणि मुलाचा वर्षाचा खर्च कुठून होणार याचा पुरावा वेगळा मागते. जावयांना विद्यापीठात आठवड्याला वीस तासांचे साहाय्यकाचे काम आहे, त्याचे मानधन एका माणसाला पुरते. बाकीची शिल्लक दाखवायला जावयांच्या वडिलांची ग्रॅच्युइटी आणि दोन मुदत ठेवी एकत्र कराव्या लागल्या. मुलगा परदेशी जातो म्हणून अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे आधीच वहीत मांडून पाहावे. आम्ही कॉमर्सचे, आम्ही मांडले, आणि दोन रात्री झोप लागली नाही.

आता हे गाव कसे आहे ते सांगतो. आम्ही स्वतः ते पाहिलेले नाही. दर रविवारी फोनवर भाची सांगते आणि आम्ही खोदून खोदून विचारतो. उन्हाळ्यात आपण त्यांच्यापुढे साडेदहा तास, हिवाळ्यात साडेअकरा, त्यामुळे आमची रविवारची सकाळ म्हणजे त्यांची शनिवारची रात्र.

एम्सची लोकसंख्या २०२० च्या गणनेत ६६ हजारांच्या वर होती. त्यात विद्यार्थ्यांचा वाटा एवढा मोठा की उन्हाळी सुट्टीत गाव ओस पडते. चहूकडे मका आणि सोयाबीन. राजधानी डि मॉइन दक्षिणेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. आयोवा स्टेट विद्यापीठ १८५८ साली स्थापन झाले. अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायदा झाला. सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे काढावीत, कष्टकऱ्यांच्या मुलांना ती खुली असावीत, असा तो कायदा. तो स्वीकारणारे पहिले राज्य आयोवा. १८६९ साली वर्ग भरले तेव्हापासून तिथे मुलीही शिकत होत्या.

पण आमच्या वाचकांना एम्स दुसऱ्याच कारणाने ओळखीचे आहे, फक्त नाव ध्यानात राहिलेले नसते. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' हे १९८१ चे पुस्तक आपल्याकडे किती घरांतून फिरले असेल! आमची प्रत तर पाने सुटेपर्यंत फिरली. गुलामीत जन्मलेला हा मुलगा, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. कान्सासमधल्या कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष कातडी पाहून दारातून परत पाठवले. १८९० मध्ये आयोवातल्या इंडियानोला गावी सिम्प्सन कॉलेजने घेतले. तिथे तो लोकांचे कपडे धुऊन चित्रकला शिकत होता. त्याच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याची झाडांची जाण ओळखली. त्यांचे वडील एम्सला फळबागशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी त्याला तिकडे धाडले. १८९१ मध्ये तो एम्सला आला, तिथला पहिला काळा विद्यार्थी. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये एम.एस., मधल्या काळात तिथेच पहिला काळा शिक्षक. मात्र सुरुवातीला त्याला इतर विद्यार्थ्यांच्या पंगतीत बसू दिले नाही, तळघरात नोकरमाणसांबरोबर जेवावे लागले. आज तिथे त्याच्या नावाची इमारत आहे. भाचीने मुलाला तिथे नेऊन फोटो पाठवला. तळघराची गोष्टही मुलाला सांगितली का, असे आम्ही विचारले. म्हणाली, "सांगितली. तो म्हणाला, मग त्यांनी डबा का नाही नेला?"

त्याच विद्यापीठाचा जॅक ट्राइस हा पहिला काळा खेळाडू १९२३ साली मिनेसोटाविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात झालेल्या दुखापतींनी दोन दिवसांत वारला. स्टेडियमला त्याचे नाव मिळायला १९९७ साल उजाडावे लागले.

गावातली शांतता मात्र तिला जड गेली. कल्याणला तिचे घर रुळांना लागून. लोकल, भाजीवाला, शेजारचा टीव्ही, वरच्या मजल्यावरचे भांडण, यात माणूस वाढलेला. तिकडे संध्याकाळी सहाला रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. डिसेंबरात पावणेपाचला सूर्य मावळतो. नवरा प्रयोगशाळेत, पोरगा शाळेत, आणि जी बाई इथे एका पाळीत चाळीस रुग्ण सांभाळत होती ती खिडकीतून बर्फ पाहत बसलेली. पहिल्या जानेवारीत पारा शून्याखाली पंचवीसपर्यंत गेला. तीन आठवडे ती फोनवर नीट बोलली नाही. बहिणीला वाटले काही भांडण झाले. भांडण नव्हते. एकदा म्हणाली, "मामा, मी दिवसभरात पोराशिवाय कोणाशी बोलले नाही. मला कोणी सिस्टर म्हणून हाक मारली नाही." पोराला मात्र झोप चांगली लागते. गावाच्या मधून मालगाड्यांचा मोठा मार्ग जातो, रात्री त्यांची घरघर ऐकू आली की तो म्हणतो, कल्याण आले.

शाळेने मोठी चिंता मिटवली. सरकारी शाळा फुकट. नाव घालायला जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि पत्त्याचा पुरावा मागितला. भाचीने जातीचा दाखला आणि पडताळणीचे कागदही फाईलमध्ये नेले होते, सवय दुसरे काय. ते कोणी मागितले नाहीत. मुलगा मराठी शाळेतला, इंग्रजी जेमतेम. त्याच्यासाठी वेगळी शिक्षिका आहे. अशी मदत करणे शाळांवर बंधनकारक आहे. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला होता. चार महिन्यांत पोरगा आईच्या इंग्रजीतल्या चुका काढू लागला.

जातीचा कागद शाळेने मागितला नाही, पण जात दुसऱ्या दाराने आलीच. एका भारतीय कुटुंबाकडे जेवायला गेले असता ताटावर बसल्या बसल्या आडनाव, मग गाव, मग "तुमच्याकडे कुठला सण मोठा?" असा तपास झाला. भाचीने सांगितले, "चौदा एप्रिल." त्यानंतर त्या घरचे बोलावणे आले नाही. मुंबईत असे घर टाळून पुढे जाता येते, लहान गावात ती माणसे दुकानात, बसमध्ये, शाळेच्या दारात रोज भेटतात. अमेरिकेत सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास बंदी केली, परंतु सिएटल एम्सपासून फार लांब आहे.

उलट अनपेक्षित ठिकाणी नाते सापडले. १९७५ पासून आयोवाचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी आग्नेय आशियातल्या निर्वासितांना राज्यात वसवले. त्यामुळे डि मॉइनच्या परिसरात लाओ लोकांची विहारे आहेत. जावयांच्या एका सोबत्याने गाडीने नेले. भाषा कळेना, जेवण तिखट, पण त्रिसरण सुरू झाले तेव्हा मायलेकरांनी बरोबर म्हटले, तिथल्या म्हाताऱ्या बाया वळून पाहू लागल्या. येताना त्यांनी चिकट भाताची पुडी बांधून दिली.

जाणाऱ्यांसाठी भाचीने सांगितलेले थोडे लिहून ठेवतो. दात आणि चष्मा इथूनच करून जावे, तिकडे दाताचा खर्च ऐकून दात आपोआप दुखायचे थांबतात. भारी गरम कपडे इथून नेऊ नयेत, इथला स्वेटर तिथल्या वाऱ्याला जुमानत नाही, तिथे वापरलेले जाड कोट स्वस्तात मिळतात. घरे लाकडी, छताला धुराचा भोंगा. बहिणीने तीन पिशव्यांत बांधून दिलेले बोंबील भाचीने पहिल्याच आठवड्यात तव्यावर टाकले आणि भोंगा असा बोंबलला की शेजारची बाई धावत आली. तिने टॉवेल हलवून धूर हाकलायला शिकवले. आता दोघी रोज बोलतात. वादळाचा दुसरा भोंगा गावभर वाजतो, तो वाजला की तळघरात जायचे. १० ऑगस्ट २०२० च्या वादळाने तिथल्या पुष्कळ घरांची वीज कित्येक दिवस गेली होती, लोक अजून त्याची आठवण काढतात. विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर गावातली बस मिळते, रविवारी बसा कमी. गावचे वाचनालय १९०४ पासूनचे, कार्ड फुकट. बाईने एकटीने घरात बसू नये, पहिल्या आठवड्यात तिथे जावे.

त्याच वाचनालयात बसून ती आता परिचारिकांच्या परवान्याच्या एन.क्लेक्स परीक्षेचा अभ्यास करते. ही परीक्षा भारतातही देता येते. परवाना मिळाला तरी एफ-२ वर तिथे काम करता येणार नाही, हे तिला माहीत आहे. आम्हीही दोनदा सांगितले. ती म्हणाली, "मामा, हात विसरू नयेत म्हणून."

इकडे हप्ता धाकटा भाचा भरतो. तो महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि रात्री पार्सल पोचवण्याचे काम करतो. त्याने तोंडातून एक अक्षर काढलेले नाही, म्हणून आम्हाला जास्त लागते. बहिणीचा रक्तदाब मध्ये वाढला होता, ते भाचीला कळवायचे नाही असे घरात ठरले. आम्ही ते मोडले आणि कळवले.

दोन वर्षांच्या रजेतले अठरा महिने गेले. पुढे वाढ मागायची की ती आणि मुलगा परत यायचे, हे ठरवायचे आहे. जावयांची पीएच.डी. अजून तीन वर्षे तरी चालेल. साहेब बदलले आहेत, नवे साहेब कसे आहेत याची आम्ही चौकशी करीत आहोत. वाढीव रजेचा अर्ज टाईप करून तिला पाठवला आहे, सोबत रुजू होण्याच्या अर्जाचाही नमुना आहे. गेल्या रविवारपर्यंत तिने दोन्हींपैकी एकावरही सही केलेली नव्हती.