लंडनमधील कॅमेरे कसे मोजतात?

मोठ्या शहरात दुकान, बँक, रेल्वेस्थानक अशा जवळपास प्रत्येक ठिकाणी कॅमेरा दिसत असला, तरी एकूण संख्या सांगणे अवघड असते, कारण बहुतेक कॅमेरे खासगी मालकीचे असून त्यांची एकत्रित नोंद होत नाही. म्हणून नमुना पद्धत वापरली जाते, म्हणजेच लहान भागातील मोजणीवरून संपूर्ण प्रदेशाचा अंदाज बांधला जातो. मायकेल मॅकाहिल आणि क्लाइव्ह नॉरिस या संशोधकांनी २००२ मध्ये लंडनच्या पटनी भागातील बाजारपेठेची पाहणी करून शहरात सुमारे ५ लाख कॅमेरे असावेत असे मांडले आणि त्याच आधारे ब्रिटनसाठी ४२ लाख हा आकडा रूढ झाला.

शितावरून भाताची परीक्षा होते, ती सगळा भात सारखा शिजला असेल तरच; गजबजलेली पेठ आणि निवासी गल्ली यांत कॅमेऱ्यांची दाटी सारखी नसते. चेशायर परगण्यात पोलिसांनी प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा २०११ मध्ये देशाचा अंदाज सुमारे साडेअठरा लाखांवर आला. शिवाय त्यांतील बहुसंख्य कॅमेरे रस्त्यावर नव्हे, तर इमारतींच्या आत होते. त्यामुळे संख्येइतकेच कॅमेऱ्याचा रोख कोठे आहे आणि चित्रण कोणाच्या हाती राहते, हेही नागरिकांना कळणे अत्यावश्यक ठरते.