जुने पियानो, नवे हात (७) : पाय दोन, पेडल चार

आज स्वरमेळाचा विषय यायचा होता. तो जरा थांबू दे. ब्रोडमनच्या पियानोला चार पेडल असतात हे मागच्या वेळी ओझरतं आलं, आणि सांगलीच्या एका वाचकांनी नेमकं तेच पकडलं. पाय दोनच असताना चार पेडल कशाला?

आधी तो पियानो. फ्रान्त्स ब्रोडमननं १८२० च्या सुमारास व्हिएन्नात घडवलेला. ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल १९१९ मध्ये परागंदा झाला तेव्हा हा पियानो बरोबर स्वित्झर्लंडला घेऊन गेला. राज्य गेलं, पण पियानो राहिला! २०१० मध्ये पियानोवादक आंद्राश शिफ यांनी तो विकत घेतला.

चारांपैकी दोन पेडल आजच्या पियानोवरही आहेत. एक सूर रेंगाळत ठेवतं, दुसरं हातोड्या बाजूला सरकवून कमी तारांवर पाडतं. बासून नावाचं पेडल दाबलं की खर्जाच्या तारांना एक पट्टी टेकते आणि सूर घुरघुरतो. तंबोऱ्याच्या जवारीवर वाढलेल्या कानांना यात वावगं वाटणार नाही, पण ही बरीचशी त्या काळातली हौस. उरलं मॉडरेटर, आणि खरी गंमत त्यात आहे. हातोडी आणि तार यांच्या मधे कापडाची पट्टी येते. आवाज नुसता लहान होत नाही, त्याची जातच बदलते.

शूबर्टची बी फ्लॅट सोनाटा (१८२८) घ्या. संथ सुरावट चालू असते आणि आठव्या मात्राखंडात खर्जात एक अगदी हलकी थरथर येते. आजच्या मोठ्या ग्रँडवर ती हळू वाजवण्यासाठी वादकाला बोटं आवरून धरावी लागतात. ब्रोडमनचा खर्ज मुळातच सडपातळ, त्यामुळे ही कसरत उरत नाही. शूबर्ट जिथे तीन-तीन ‘पी’ लिहितो, म्हणजे अगदी हळू वाजवायला सांगतो, तिथे त्याच्या कानात कोणता आवाज असेल याचा अंदाज मॉडरेटरवरून येतो.

म्हणून शिफ यांनी आधुनिक पियानो सोडला का? मुळीच नाही. बेथोवनची ‘डियाबेली व्हेरिएशन्स’ त्यांनी एकाच अल्बममध्ये दोनदा वाजवली आहेत, एकदा १९२१ च्या बेखस्टाइन पियानोवर आणि एकदा या ब्रोडमनवर. हात तेच, रचना तीच. दोन्ही लागोपाठ ऐकावं, आमच्या सात लेखांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

गंमत म्हणजे हेच गृहस्थ तरुणपणी लंडनला जॉर्ज माल्कम या हार्पसिकॉर्डवादकाकडे शिकले, आणि नाव मात्र बाख पियानोवर वाजवून मिळवलं. पुढे २०१८ मध्ये बॉनच्या बेथोवन-हाउसमध्ये त्यांनी बाखच्या रचना क्लॅव्हिकॉर्डवर ध्वनिमुद्रित केल्या. या वाद्याचा आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीतही जेमतेम पोचावा, मग सभागृहाची गोष्टच सोडा. त्याला पेडल एकही नाही. तारेवर पितळी पट्टी टेकलेली असताना बोटाच्या दाबानं सूर हलवता येतो.

तेव्हा पुढच्या आठवड्यात क्लॅव्हिकॉर्ड. स्वरमेळ त्यानंतर.